भावाचं वॉलेट

शहापूरच्या एका पतपेढीत मी कॅशच्या खिडकीमागे बसते. एवढ्याशा भांडवलावर माहेरच्या माणसांनी मला अर्थमंत्री करून टाकलंय. कुणाचा विमा असो, कुणाची भिशी असो, आधी ताईला विचारायचं. मीही 'मला नाही कळत' असं कधी म्हणत नाही. कळत नसलं तर कळून घेते. त्यामुळे धाकट्या भावाने एक दिवस फोन करून, "ताई, क्रिप्टोचं वॉलेट कुठलं घेऊ गो?" असं विचारलं, तेव्हा मी ठसक्यात म्हटलं, "रविवारपर्यंत सांगते." फोन ठेवला आणि क्रिप्टो म्हणजे नेमकं काय ते शोधायला बसले.

भाऊ डोळखांबच्या पलीकडे आमच्या गावात राहतो. आधी भिवंडीच्या गोदामात खोकी उचलायचा. महिना महिना घरी यायचा नाही, आणि आला की झोपून काढायचा. मग मुरबाडकडच्या एका दोस्ताबरोबर कॉम्प्युटरवर झाडं, खुर्च्या, दगडी भिंती बनवायला शिकला. परदेशात गेम बनवणारे लोक त्या वस्तू विकत घेतात. "तो खोटी झाडं विकतो," असं आई अजून शेजारणीला सांगते, आणि त्या दोघी मिळून हसतात. पण त्या खोट्या झाडांनी खरं घर चाललं होतं. गावात रेंज नाही, म्हणून काम घरी करायचं आणि आटगावला येऊन पाठवायचं, असा त्याचा रिवाज. मोबदला मात्र बँकेत येत नसे. एक जण बिटकॉइन द्यायचा, दुसरा इथर, तिसरा डॉलरशी बांधलेलं कुठलंसं नाणं. सगळी कमाई एका एक्स्चेंजच्या, म्हणजे अशी नाणी ठेवणाऱ्या-विकणाऱ्या कंपनीच्या, ॲपमध्ये पडून होती. त्यातून घरामागे कामाची खोली बांधायची, वर सोलर बसवायचं आणि पुन्हा भिवंडीचं तोंड पाहायचं नाही, एवढंच त्याचं स्वप्न होतं.

तर त्या ॲपवर एके सकाळी सूचना आली की काही काळ रक्कम काढता येणार नाही. कारण दिलं नव्हतं. काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झालं, पण त्याचा विश्वास उडाला तो उडालाच. आता सगळं आपल्या हातात घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मी वाचत गेले तसं माझ्या लक्षात आलं की हे प्रकरण आपल्या ओळखीचंच आहे. आमच्या पतपेढीत लॉकर घ्यायला आलेला माणूस रंग विचारत नाही, चावी कुणाकडे राहणार ते विचारतो. एक्स्चेंजमध्ये चावी त्यांच्याकडे. म्हणजे इतकी वर्षं भाऊ दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत होता. सॉफ्टवेअरचं वॉलेट आपल्या फोनमध्ये राहतं, आणि सुरू करताना ते बारा इंग्रजी शब्द देतं. ते शब्द म्हणजेच चावी. फोन विहिरीत पडला तरी चालेल. नव्या फोनवर तेच शब्द, त्याच क्रमाने घातले की सगळं परत दिसतं. आणि ते दुसऱ्या कुणाला कळले, तर फोन आपल्या खिशात असूनही पैसा त्याचा.

एवढं डोक्यात बसल्यावर मी वॉलेटं पाहायला घेतली, आणि मुलीसाठी स्थळं पाहावीत तशी एकेक बाद करत गेले. एक फार देखणं होतं, पण उघडताच चक्र फिरवून बक्षीस जिंका म्हणालं. पैसे ठेवायच्या जागी जत्रा कशाला? दुसऱ्यात बिटकॉइन राहायचं, बाकीच्या दोन नाण्यांना दार बंद. तिसऱ्याने अगदी गोड शब्दांत सांगितलं की तुमचे बारा शब्द आम्हीच सांभाळतो, तुम्ही निर्धास्त राहा. मी निर्धास्तपणे ते पुसून टाकलं. शेवटी एक साधं, बिनरंगाचं सापडलं. तिन्ही नाणी घेणारं, बऱ्याच वर्षांचं, वरचेवर दुरुस्त होणारं. त्याची आतली सगळी बांधणी, म्हणजे कोड, कुणालाही वाचायला खुली होती. मला ती वाचता येत नाही, पण ज्यांना येते त्यांनी ती वाचून काढलेल्या खोडी आणि त्यावर झालेल्या दुरुस्त्या, दोन्ही जगासमोर होत्या. उखाळ्यापाखाळ्या उघड्यावर होतात तिथे मोठी चोरी सहसा लपत नाही, हा माझा खिडकीमागचा अनुभव आहे. भाऊ आटगावला आला तेव्हा मी त्याला फोनवर नाव कळवलं आणि बजावलं, "रविवारी इकडे ये. माझ्यासमोर करू. पी हळद आणि हो गोरी असं करू नकोस." घरातला एक जुना फोन पूर्ण पुसून कोरा करून ठेवला. वॉलेटपुरता वेगळा फोन असलेला बरा.

रविवारी सकाळी भाऊ आला, बरोबर मुरबाडचा तो दोस्त. दोघांच्या चेहऱ्यावर बोहल्यावर चढल्यासारखा आनंद.

"ताई, तुझं काम वाचवलं," भाऊ म्हणाला. "आमी ॲप टाकलं पण. आणि काल आटगावला गेलतो तर इथर सगळं तिकडून काढून ह्याच्यात टाकलं."

"सगळं?"

"सगळं. टाइम कशाला घालवायचा?"

मी कपाळाला हात लावला. "आणि शब्द लिहून घेतलेस?"

"नंतर लिहा असं पण होतं तिथं. म्हटलं तुझ्यासमोर लिहू."

आगाऊपणा आणि आज्ञाधारकपणा एकाच माणसात इतका सुखाने नांदताना मी पाहिला नव्हता. मी चडफडत दोघांना दोन कागद दिले. दोस्ताच्या फोनमध्येही तेच ॲप होतं, त्यालाही आपलं वॉलेट करायचं होतं. "एकमेकांकडे पाठ करा," मी म्हटलं. "कुणी कुणाचं बघायचं नाही. मीपण बघणार नाही." आणि मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.

आता हे दोघे शिकले ते एका मास्तरांच्या शाळेत. तिथे चारही इयत्ता एका खोलीत बसत, आणि लिहिणं म्हणजे मोठ्याने म्हणत लिहिणं. मीही त्याच शाळेतली. न बोलता लिहिणारं पोर झोपलंय असं समजून मास्तर खडू फेकून मारत. इंग्रजी स्पेलिंग तर आम्ही एका सुरात, डोलत म्हणायचो. माणूस तिशीला आला तरी ती सवय जात नाही. ओटीवरून सूर आलाच.

"ओ, आर, सी, एच..."

"...ए, आर, डी. ऑर्चर्ड."

"टी, यू, डबल एन..."

"...ई, एल. टनेल."

माझं डोकंच फिरलं. हातातली साणशी घेऊन मी बाहेर आले आणि ओरडले, "अरे गाढवांनो, ही काय बाराखडी आहे? चोरून लिहायचं ते गावाला ऐकवताय?"

दोघांनी पेन खाली ठेवलं. दोघांच्या पाठी एकमेकांना लागलेल्या. कुणी कुणाचा कागद पाहिला नव्हता, मी सांगितलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. एकाने सुरू केलेला शब्द दुसऱ्याने पुरा केला होता. न बघता.

"तुझा पुढचा शब्द काय?" मी भावाला विचारलं.

"तूच तर बोललीस सांगायचा नाय."

"सांग म्हणते ना!"

"किचन."

दोस्ताने मान वर केली. "माझा पण किचन हाय."

प्रत्येक वॉलेटचे शब्द वेगळे असतात. जगात कुणाचे कुणाशी जुळत नाहीत, त्यावरच तर सगळी इमारत उभी आहे. मी दोस्ताला म्हटलं, "तुझ्यात काय दिसतं ते दाखव." त्याने फोन उघडला आणि त्याचे डोळे चमकले. "आयला, माझ्यात इथर आलं! मी तर काय टाकलंच नाय अजून!" बिचाऱ्याला क्षणभर लॉटरी लागल्यासारखं झालं. ते इथर भावाचं होतं. कुलपं दोन दिसत होती, चावी एकच होती, आणि ती ज्याने बनवली तो तिसराच कुणीतरी होता.

"हे ॲप आणलंत कुठून?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "गावात रेंज कुठंय? ह्याच्या फोनमधून घेतलं."

"आणि तू?"

"तिकडं मुरबाडला हळदीला गेलतो, तिथं एकाकडं होतं. नाव बघूनच घेतलं, ताई. चित्र पण तेच."

आमच्याकडे असंच चालतं. सगळ्या पाड्यांवर गाणी, पिक्चर, ॲपं या फोनमधून त्या फोनमध्ये हातोहात जातात. रेंज नसलेल्या मुलुखात त्याला कुणी चूक म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतात. कुणीतरी तो शेजारधर्म ओळखून, त्याच नावाचं आणि प्रत्येकाला तेच शब्द देणारं खोटं ॲप सोडून, बरोबर तिथेच सापळा लावला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

भाऊ पांढराफटक पडला. "गेलं का गो ताई? परत भिवंडी?"

त्याचा तो आवाज ऐकून मला रडू फुटायचं बाकी होतं. पण रडायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला चोराचा इतका संताप आला होता की भीतीला जागाच उरली नाही. "अजून दिसतंय ना? मग गेलं नाही. तुझं बाकीचंही येईल म्हणून वाट बघत बसला असेल. ऊठ." कोरा फोन काढला. वॉलेट बनवणाऱ्यांची स्वतःची वेबसाइट मी आधीच तपासून ठेवली होती. तिथूनच खरं ॲप उतरवलं. शब्द आले. भाऊ कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, ओठ दाताखाली धरून लिहीत बसला. दोस्ताला मी अंगणात पिटाळलं. मग खोट्या वॉलेटमधून सगळं इथर खऱ्याच्या पत्त्यावर पाठवायचं बटण भावाने दाबलं. पत्ता आम्ही दोघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवून घेतला होता.

मग वाट पाहणं. चहा आटून भांडं करपलं, त्याचा वास घरभर झाला, पण कुणी उठलं नाही. खऱ्या वॉलेटमध्ये शून्य होतं. भाऊ माझ्या हाताचं मनगट धरून बसला होता, लहानपणी ओढा ओलांडताना धरायचा तसं. आणि मग शून्य गेलं. पाठवणीचा किरकोळ आकार वगळता पूर्ण रक्कम समोर आली. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, इतका जोरात की अंगणातून दोस्त धावत आला.

पण मी त्यांना एवढ्यावर सोडणार नव्हते. वॉलेट फोनमधून काढून टाकायला लावलं, पुन्हा उतरवून कागदावरचे शब्द घालायला लावले, सगळं परत आलेलं डोळ्यांनी पाहिलं. भात पेरायच्या आधी आपण मूठभर ओल्या फडक्यात बांधून बघतोच की. बाकीची दोन नाणी आधी चिमूटभर आणि मग सगळी, अशी आणली. दोस्ताचंही नवं वॉलेट झालं, त्याच्या शब्दांच्या वेळी भावाला अंगणात पिटाळलं. दुपारी दोस्त मुरबाडच्या गाडीला निघाला. हळदीला आलेल्या प्रत्येकाला त्याला गाठायचं होतं. मोबाईलवर मेसेज टाकून भागणार नव्हतं, कारण अर्ध्यांच्या घरी तो पोहोचणारच नव्हता.

निघताना भावाने तो कागद पुन्हा एकदा उलगडून पाहिला. मी नेहमीच्या सवयीने हात पुढे केला. "आण इकडे. माझ्या कपाटात राहील. तिकडे उंदीर आहेत, पाऊस आहे, आई आहे."

त्याने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या आतल्या खिशात घातली.

"नाय ताई," तो हळू म्हणाला. "तुला पण नाय."

हे वळण मीच लावलं होतं, बोलायला तोंड नव्हतं. तरी लागलं. आईने मंगळसूत्र गहाण टाकलं तेव्हा त्याची पावती, बाबांच्या जमिनीचे कागद आले तेव्हा ते, माहेरची प्रत्येक जपायची गोष्ट माझ्याच हातात आली होती. मी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि म्हटलं, "डब्यात चकल्या दिल्यात, आईला दे."

तो गेटपर्यंत गेला, आणि खिशावर हात ठेवून सरळ गाडीच्या दिशेने चालू लागला. एकदाही त्याने मागे वळून विचारलं नाही, की ताई, आता पुढे काय करू.