तीन आणि सहा

आधीच सांगते — भूत, करणी, भानामती यातलं मी काही मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आजही नाही. गडमुडशिंगीच्या आमच्या बौद्ध घरात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच शिकवलं होतं... आधी कारण विचारायचं. म्हणूनच हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

२००२ साल. मी कोल्हापुरातल्या एका ठेकेदाराकडं नेटवर्क केबलिंगचं काम करायचे. जयसिंगपूरला एका दूध संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटर जोडायचे होते. सगळ्या केबल पहिल्या फटक्यात पास. राहिली एक, कोपऱ्यातल्या रेकॉर्डच्या खोलीत जाणारी. केबलमध्ये आठ तारा असतात. दोन्ही टोकांना प्लग बसवून टेस्टर लावला, की पलीकडच्या टोकाला लावलेल्या त्याच्या डबीवर एक ते आठ दिवे ओळीनं लागायला हवेत. इथं तीनच्या जागी सहा लागत होता, सहाच्या जागी तीन.

प्लग कापले, नवे बसवले. तेच. चार वेळा तेच!

"बाईमाणसाचं काम न्हवं हे," आमचे सुपरवायझर दिलीपराव म्हणाले.

"मग तुमीच बसवा की!"

त्यांनी बसवले. तरी उलटंच.

तिथले म्हातारे क्लार्क आण्णा दारातून बघत होते. "त्या खोलीत काय बी सरळ चालत न्हाय, ताई. एक नारळ फोडा."

"न्हाय फोडणार, आण्णा. कारण सापडंपर्यंत मी हलत न्हाय."

भर दुपारचे बारा वाजलेले. केबल थोडी जादा सोडली होती, म्हणून खोलीतलं टोक खिडकीतून व्हरांड्यात ओढलं. दिवे ओळीनं लागले — एक, दोन, तीन... आठ! तेच टोक आत आणलं — उलटं. बाहेर — सरळ. दुसरा टेस्टर आणला, नवी केबल ओढली... काही फरक नाही. दिलीपराव स्वतः डबी घेऊन आतबाहेर करून दमले.

शेवटी मी एका टोकाला तीन आणि सहाच्या तारा मुद्दाम उलट बसवल्या. आत दिवे सरळ लागले. कॉम्प्युटर नेटवर्कला जोडला गेला.

"रिपोर्टात नुस्तं पास लिव," दिलीपराव हळूच म्हणाले. "लोकं हसतील."

"हसू देत. बघितलं ते लिवणार, आणि सही बी मीच करतो." (आमच्याकडं बायकाही 'करतो'च म्हणतात.)

लिहिलं — 'खोलीत उलट, व्हरांड्यात सरळ. कारण माहीत नाही.' खाली पूर्ण नाव. दिलीपरावांनी कागद घेऊन वाचला. मग माझ्या नावाखाली आपली सही केली.

तेव्हापासून कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. सगळे एकच म्हणतात, तुमची चूक झाली असेल. कारण मला आजही सापडलेलं नाही. पण चूक माझी नव्हती... हे मात्र कुणीही, कुठंही, माझ्याकडून लिहून घ्यावं.