साडूचा लाल फुलांचा घेवडा

माझ्या साडूला मूठभर अक्कल आहे आणि तीही तो कुंडीत लावतो. पुण्यात गच्चीवर चार झाडं जगवली की माणूस शेतकऱ्यांना शेती शिकवायला मोकळा. गणपतीत आला तेव्हा त्यानं मला जांभळ्या, काळ्या ठिपक्यांच्या बिया दिल्या. थंड मुलखातला घेवडा म्हणे, फुलं डोळ्यांना आणि शेंगा पोटाला. मी म्हणालो, आमच्या अंबाजोगाईकडं डोळ्यांना भूक लागत नाही. पण बायकोनं बिया काढून घेतल्या, अंगणात लावल्या, वर मोठ्या जावेला सांगून मोकळी झाली की यंदा येळवशीच्या भज्जीत या घेवड्याच्या शेंगा पडणार.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, आमच्याकडं घरोघरची माणसं शेतात जेवतात. भज्जी म्हणजे त्या दिवशीची सगळ्या शेंगा-भाज्यांची एकत्र भाजी; तीत कुणाच्या रानातलं काय पडलं, ते वर्षभर बोललं जातं. बायकोचा शब्द गेला असता तर तो तिच्या जावेनं वर्षभर जेवताना वाढला असता.

वेल मात्र माजला. दोरी संपली, छप्पर संपलं, विजेच्या खांबावर चढला. वायरमन खाली उभा राहून वेलाकडंच परवानगी मागत होता. फुलं अशी लाल की मांजरसुंब्याच्या ढाब्यावरचे दिवे फिके पडावेत. शेंग मात्र एक नाही.

मी साडूला रोज शिव्या घालत होतो. बियाणं बोगस, देणारा त्याहून बोगस. जाऊ कुंपणावरून विचारायची, "भज्जी फुलांचीच करायची का गं?" बायको भांडी जोरात आपटायची.

अमावस्येच्या चार दिवस आधी तिनंच साडूला फोन लावला. त्यानं एकच विचारलं: फुलं कोण तोडतं?

आम्ही दोघांनी देव्हाऱ्याकडं पाहिलं. माझे वडील महादेवापुढं बसले होते आणि पिंडीवर लाल फुलांचा ढीग होता. रोज पहाटे ताटभर. आता कबूल करायला हरकत नाही, त्यांचा हात पुरावा म्हणून स्टूल मीच धरत होतो. फूल तोडलं की शेंग कुठून येणार, हे पन्नास वर्षं तूर काढलेल्या दोन मर्दांना कळलं नाही. साडूला कळलं, याचा राग मला अजून आहे.

वडिलांना अडवणार कोण? बायकोनं शिडी लावली आणि त्यांचा हात पोचत नव्हता तिथवर, अगदी खांबाच्या तारेखाली, गेली. कमरेला पदर खोचून खाली आली. ओंजळीत सात शेंगा, तलवारीएवढ्या लांब.

तिनं त्या चिरल्या नाहीत. सबंधच शिजवल्या आणि येळवशीला, सगळे पंगतीला बसल्यावर, पहिली शेंग जावेच्या ताटात ठेवली.

जावेनं चावली. बराच वेळ चावत राहिली.

"लई शिरा हायेत गं हिला," ती म्हणाली.

"हायेत," बायको म्हणाली. "चावा निवांत."

शेतातून घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, उद्यापासून देवाला फुलं कमी पडतील का. मी स्टूल उचलून आत नेलं.