अर्ध्या पोटी फुगा

आकाशात सोडलेला फुगा परत येत नाही, त्याची गोष्ट मात्र ओसरीवर हमखास येते! लढाईच्या वर्षांत आमचे हे जळगावबाहेरच्या हवामान ठाण्यात टेंपररी होते. रोज रबराचा मोठा फुगा सोडायचा आणि दुर्बिणीतून बघत राहायचं. वरचा वारा कसा आहे ते त्यावरून कळे. फुगा वर जाऊन का फुटतो, ते मला कळेना.

*

रावेरचा एक शेतकरी रबराची चिंधी घेऊन आला. "सायेब, तुमचं आभाय फाटलं! हा तुकडा माह्या केयीच्या बागेत पडला!"

ह्यांनी समजावलं, अहो, फुगा आहे हा. तो आणखीच चिडला. "मंग माह्या बागेवरच कामून फोडता?"

*

शेजारचे नाना पेन्शनीतले मास्तर. म्हणाले, "सूर्याजवळ गेला की फुटणारच!"

हे म्हणाले, "नाना, वर तर बर्फासारखी थंडी असते."

"तेच म्हणतो मी! थंडीने तडकतो!"

मी दोघांनाही चहा दिला आणि दोघांनाही हो म्हटलं.

*

मग ह्यांनी मला शांतपणे सांगितलं, "खाली हवा फुग्याला चोहोबाजूंनी दाबून धरते. वर हवा विरळ. आतला गॅस पसरत जातो, रबर ताणतं, आणि फट!"

"म्हणजे धरणारं कोणी नसलं की फुटतो?"

आतून माझ्या सासूबाई, अक्का, म्हणाल्या, "आयक, सूनबाई!"

फुगा कळला नाही, टोमणा तेवढा कळला.

*

एकदा पुण्याहून मोठे साहेब आले. फुगा चांगला उंच गेला, तर नोकरी कायम! हे दुर्बिणीशी. गॅस भरायला रहीमभाई. त्यांनी नेहमीसारखा फुगा सैलसर ठेवला. बघायला आलेल्या अक्कांना ते बघवेना.

"रहीमभाई, अर्धा पोटे कोनले वाटे लावतस का? भरा ना!"

अर्धपोटी कोणाला वाटेला लावायचं नाही, हा अक्कांचा नियम. त्यांचा शब्द कोण मोडणार? फुगा टम्म झाला.

झपाट्याने वर गेला आणि फारच लवकर फुटला. ह्यांचा चेहरा पांढराफटक.

दुपारी साहेब आमच्याकडे जेवायला बसले, तेव्हा अक्का भरीत वाढतच होत्या. साहेबांनी ताटावर हात आडवा धरला. "बस, अक्का! पोटात थोडी जागा ठेवू द्या. धुळ्यापर्यंत मोटारीत हलायचंय!"

अक्कांचा हात थांबला. त्या ह्यांच्याकडे वळल्या. "भाऊ, त्या फुगालेबी पोटमा जागा ठेवनी पडस का?"

दारातले रहीमभाई हळूच बाहेर सटकले.

साहेबांनी अक्कांकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "परवा धुळ्याहून येतो. पुन्हा सोडू. फक्त फुगा भरेपर्यंत अक्कांना जेवायला बसवा!"