डाव्या खुब्याचं हवामान

माणसाच्या पाठीचा आमच्या आतोबांइतका अभ्यास केलेला गृहस्थ अख्ख्या माळव्यात शोधून सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घरातली तरुण मंडळी त्यांना 'फूफाजी' म्हणतात, तेव्हा ते ऐकूच न आल्यासारखं करतात. 'आतोबा' म्हटलं की लगेच ओ देतात. नोकरीचा सगळा काळ त्यांनी नालछ्याला सरकारी पाऊस मोजण्यात घालवला. सकाळी बरोब्बर साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा लिहायचा. वैशाखातसुद्धा रोज न चुकता शून्य लिहायचं. "शून्य हाही आकडाच आहे, बाई," हे त्यांनी मला माझ्या लग्नाच्या मांडवातही समजावून सांगितलं होतं.

निवृत्त होऊन ते धारला येऊन राहिले आणि वर्षभरात आत्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून आठवड्याला येणाऱ्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं, "बाबूजी, माताजी को शुगर है. एक बार चमड़ी फटी तो भरने में बहुत मुश्किल होगी. हर दो घंटे में करवट बदलना." झालं! आतोबांनी त्याच संध्याकाळी रेघा मारलेली वही आणली. वेळ, कूस, कातडीचा रंग, ओल, ताप, पोळ्या किती खाल्ल्या, पाणी किती प्यायली, सगळ्याचे रकाने. शेरे मात्र जुन्या सवयीचे: 'टाचा कोरड्या. कंबरेपाशी दमट. डाव्या खुब्यावर तांबूस ढग, बोट दाबताच विरला.' बोट दाबल्यावर लाली पांढरी होऊन रंग परतला तर बरं, तशीच राहिली तर धोका, हे सिस्टरनं शिकवलं होतं. आतोबा त्याला 'निरीक्षण' म्हणत. आत्या म्हणे, "पाऊस मोजायचा संपला, तशी माझ्या मागे लागलेत!"

काही महिन्यांनी डाव्या खुब्यावरचा ढग विरेनासा झाला. आतोबांच्या तोंडचं पाणी पळालं. गादी बदलली, चादरी बदलल्या, आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी रेघा ओढल्या. आणि एका रविवारी मी देवासहून दोन बस बदलून, घामाघूम होऊन पोचले, तर पाण्याचा पेलाही न देता म्हणाले, "तू येतेस त्या दिवशी लाली वाढते."

"म्हणजे मी पनवती का?" मी भडकलेच.

पण वही खरं बोलत होती. कुणीही भेटायला आलं की लाली वाढे. खोदून विचारल्यावर आत्यानं कबूल केलं. खुर्च्या डावीकडे, म्हणून ती त्याच कुशीवर तासन्‌तास राही. "पाहुण्यांना पाठ दाखवायची? आपल्या घरात नाही ती रीत." त्यावर आतोबांनी पाहुणेच वळवायला सुरुवात केली. फोनवर लावलेला दर दोन तासांचा गजर झाला की, "उठा, खुर्च्या पलीकडे घ्या!" शेजारचे काका कप सांभाळत म्हणत, "भिया, चाय तो ख़तम करने दो!"

लाली कमी झाली, पण जाईना. दुपारी कुणी पाहुणा नसे, आणि संध्याकाळच्या निरीक्षणात ढग हटकून हजर. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथेच होते. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत सरकत आत्याच्या पांघरुणावर आलं होतं, सारं घर डुलक्या घेत होतं. आतोबा तिच्याजवळच्या खुर्चीत, मांडीवर वही, गाढ झोपलेले. उशाजवळच्या त्यांच्या फोनवर दोनचा गजर वाजला. आत्यानं उजवा हात लांबवून तो पटकन बंद केला आणि डाव्या कुशीवर तशीच निश्चल पडून राहिली.

"आत्या! हे काय?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "निजू दे गं. रात्रभर उठबस करतात माझ्यापायी. हलले की खाट करकरते, जाग येते त्यांना." दीड तासानं आतोबांनी जांभई दिली, तशी तिनं पाठीमागची उशी ओढून टाकली, उताणी झाली आणि सांगितलं, "दोनलाच तर वळवलंत, अर्धवट झोपेत!" आतोबांनी विश्वासानं लिहिलं: दोन वाजता, उताणी.

मला रडू फुटलं. पण सांगणं भाग होतं. ओसरीवर नेऊन सांगितलं. आतोबांनी वहीची पानं मागे चाळत नेली. मग म्हणाले, "इतके आकडे लिहिले गं मी. ही माझ्यासाठी कातडं झिजवतेय, ते एकाही रकान्यात आलं नाही." आत जाऊन त्यांनी खाटेच्या सांध्यांना तेल घातलं. 

आता त्यांचा फोन आत्याच्या हाताबाहेर, कोनाड्यात असतो, आणि बरोबर दोनला मी शिकवते त्या शाळेतून फोन लावते. तो वाजतच राहतो, मग "उठलो, उठलो" येतं, मागून आत्याची कुरकुर येते, "झोपू द्यायचं होतंस की!" परवा आतोबा म्हणाले, "खुब्यावर बोट दाबलं, बाई. पांढरं झालं, रंग परतला." केवढं हायसं वाटलं! पण दोघांची वयं मला ठाऊक आहेत. एखाद्या दिवशी दोन वाजतील आणि कुणाला उठवायचं कारण उरलेलं नसेल.  मग मी फोन कानाला तसाच धरून ठेवते, आणि तिकडे ती दोघं एकमेकांवर चिडत कूस बदलतात, ते ऐकत राहते.