सरबतात गेलेला बरफ

“त्या तेवीस पोरांना पुन्हा थेंब पाज. पावसाच्या आदी पाज. मंग तुला वहीत काय लिवायचं ते लिव.”

“हळू बोल गं बायजा. लिहून झालंय माझं. आता पुन्हा बाटल्या कुठून मागू? साहेबांना काय सांगू, बरफ लग्नात वाटला म्हणून?”

“तेच सांग. खरं हाय ते.”

“महिन्याभरानं दुसरा डोस यायचाच आहे. तोवर काही होत नाही.”

“आनि झालं तं?”

“तोवर देवावर.”

“देवावर सोडायचं व्हतं तं मला घरोघर कशाला फिरवलीस?”

आमच्या पेंढ्याच्या उडवीमागं हे भांडण चाललं होतं. मी गोवऱ्या आणायला गेलेली, तिथंच खिळले. एक आवाज नर्स इंदूबाईचा, दुसरा बायजाकाकीचा. इंदूबाई तरातरा निघून गेली. काकी वळली तर समोर मी, डोक्यावर पाटी आणि तोंड उघडं. म्हणाली, “ऐकलंस ना? बरं झालं. माज्या बाजूनं एक तरी मानूस हाय.”

बायजाकाकी आमच्या गावची सुईण. पळसदरीच्या पुढं डोंगराच्या कडेला आमचं पन्नास घरांचं गाव, त्यातलं निम्मं तिच्या हातावर जन्मलेलं. माझे तिन्ही तिच्याच हातचे. कळांनी मी ओरडले की म्हणायची, “वरड गं, वरड. हसताना तरी कुटं आवाज दाबला व्हतास!”

मी नवी नवरी होते तेव्हा देवी टोचायला माणूस यायचा. तो दिसला की बाया पोरांना भाताच्या कणगीत लपवायच्या. काकी कणगीवर टिचकी मारायची. “सुंदरा, तुजा भात शिंकतोय गं आत!” मग पोर उचलून त्या माणसापुढं धरायची आणि त्याच्याबरोबर आपणही डोळे मिटायची. तिचा धाकटा देवीतच गेला होता. ती कधी बोलली नाही, पण आम्हाला ठाऊक होतं.

पुढं पोलिओचे थेंब आले. इंदूबाई कर्जतहून गाडीनं बरफाची पेटी आणायची, काकी ती चुंबळीवर घेऊन पुढं चालायची. बाया इंदूबाईला ओळखत नव्हत्या, काकीला ओळखत होत्या. काकी सांगते ना, मग पाजा. एवढंच होतं ते. बरफ गेला की औषध मेलं, मग ते नुसतं पाणी, हे इंदूबाईनंच तिला शिकवलं होतं. काकीनं ते इतकं मनाला लावून घेतलं की वाटेत पेटी उन्हात टेकवू द्यायची नाही. दोघींचं जमायचंही छान. इंदूबाई तिच्याकडंच जेवायची, सुकटीची चटणी मागून मागून खायची.

त्या वैशाखात माझ्या धाकट्या दिराचं, विठूचं लग्न होतं. सगळं गाव मांडवात येणार, म्हणून थेंबही तिथंच पाजायचे ठरले. सकाळी काकीनं पेटी आमच्या माजघरात सावलीला ठेवली आणि ती सुंदराच्या सुनेला मोकळं करायला गेली. तेवढ्यात खोपोलीकडचे व्याही उतरले. ऊन तर असं की मांडवाचे टहाळे करपलेले. माझे सासरे हात जोडून इंदूबाईला म्हणाले, “बाई, पावन्यांपुढं आमची इज्जत ऱ्हाईल. जरासा बरफ द्या.”

ती नाही म्हणाली. मग जरासा दिला. मग व्याह्यांच्या मागे त्यांचे भाऊ, भावांच्या मागे करवल्या, असं करत सगळा गेला. आमच्या गावात त्याआधी सरबतात बरफ कुणी पाहिला नव्हता. मी दोन पेले प्यायले. दात शिवशिवले आणि केवढं कौतुक वाटलं.

पंगती उठून थेंब पाजायला दुपारचे चार वाजले. तोवर काकी परतली होती. तिनंच पोरं रांगेला लावली, स्वतःची नात सगळ्यांत पुढं. तेविसावं पोर झालं, तिनं पेटी उचलली आणि ती हलकी लागली. झाकण काढलं तर आत कोरडं.

चौथ्या दिवशी उडवीमागचं ते भांडण झालं. मग इंदूबाईचा निरोप आला, मंगळवारी नव्या बाटल्या आणते, तोवर कुठं बोलू नकोस. काकीनं विश्वास ठेवला. मंगळवारी सकाळी जाऊन पळसदरी स्टेशनावर बसली. इंदूबाई उतरली नाही. पुढच्या दोन मंगळवारीही नाही. मग काकी स्वतः कर्जतला दवाखान्यात गेली. इंदूबाई रजेवर होती, आणि शिपायानं साहेबांच्या दारातूनच काकीला परत पाठवलं. दुसरा डोस यायचा तोही आला नाही. पाऊस मात्र वेळेवर आला, आणि पोरांचे पाय नेणारा ताप पावसातच यायचा.

आषाढात त्या तेविसांतल्या एकीला, मैनाच्या शकूला ताप भरला. दीड वर्षाची पोर, नुकती चालायला लागलेली. ताप तीन दिवसांत उतरला, पण उजवा पाय उठेना. मैना तिला घेऊन काकीच्या दारात आली आणि म्हणाली, “तूच पाजलंस ना?”

मारुतीच्या देवळात गाव बसलं. इंदूबाईलाही बोलावलं होतं. काकीनं लग्नातलं सगळं सांगून टाकलं, आपण महिनाभर गप्प बसलो तेही सांगितलं. म्हणाली, “ते माजं चुकलं. पन उरलेल्या बावीस पोरांना आता तरी पाजा.”

इंदूबाई मान खाली घालून म्हणाली, “मी पेटी दिली तेव्हा बरफ होता. पेटी बायजाच वाहते. माझ्या मागं तिनं काय केलं, मला काय ठाऊक?”

माझे सासरे म्हणाले, “आमी विहिरीच्या पान्याचं सरबत केलं व्हतं. बरफ कुनी बघितला?”

ज्यांनी प्यायलं होतं ते सगळे तिथंच बसलेले. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी छताकडं बघत होतं. काकीनं सगळ्यांकडं पाहिलं आणि शेवटी माझ्याकडं. “ही सांगल. हिनं भांडान ऐकलंय.”

मी पदर पुढं ओढला आणि म्हणाले, “मला नाय बा ठावं.”

काकी उठली. चपला शोधत उभी राहिली, एक सापडेना, तर कुणीतरी पायानं पुढं सरकवली.

त्यानंतर तिला बाळंतपणाला कुणी बोलावलं नाही. इंदूबाईची बदली झाली. नंतर एक डॉक्टर म्हणाले, एका डोसानं भागतंच असं नाही. असेल. पण शकू कुबडी घेऊन शाळेत जाताना दिसली की मला ते सरबत आठवायचं.

नवी नर्स आली तेव्हा एकही दार उघडेना. तिनं कुणाचं तरी ऐकून काकीला विचारलं आणि काकीनं पेटी पुन्हा डोक्यावर घेतली. मी म्हटलं असतं, जा मसणात सगळे. ती दारोदार गेली. बाया टोमणे मारायच्या, “आज काय पाजतीस गं, सरबत?” काकी झाकण काढायची. “हात घाल. गार लागला तं दे पोर, नाय तं नको.” बाया हात घालायच्या. मैनानं पुढच्या पोराच्या वेळी बोटं बधिर होईस्तोवर हात आत ठेवला, मग पोर दिलं. काकी तेवढा वेळ उभीच होती.

शेवटची फेरी तिनं सत्त्याऐंशी सालच्या थंडीत केली. गुडघे गेले होते, पण पेटी दुसऱ्या कुणाला देईना. माझ्या दारी आली. त्या देवळातल्या दिवसापासून ती आमच्या ओटीवर टेकली नव्हती, पाणीही घेतलं नव्हतं. पोरं असली की यायची, पाजायची, जायची. तिनं झाकण काढलं, मी हात घातला. नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “काकी, त्या दिशी देवळात मी...”

“पोरीचं तोंड धर,” ती म्हणाली.

मी गाल दाबले. नर्सनं थेंब सोडले. नात थुंकायला बघत होती, तर काकीनं तिच्या तोंडावर फुंकर घातली, पोरीनं गिळलं. मग काकीनं झाकण घट्ट लावलं, चुंबळ नीट केली आणि पेटी डोक्यावर चढवली. नर्स म्हणाली, जरा बसा. काकी म्हणाली, “वरच्या वाडीत जैतूची दोन हायेत, ऊन चढल.” आणि चालायला लागली.