भर दुपारचं पिशाच

दयारामला गावात दयाराम म्हणून कोणी हाक मारतच नसे. दिवसभर तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर सळया चढवायचा, पण पनवेलच्या खाडीकाठच्या त्या गावात त्याचं नाव होतं पिशाच. जत्रेच्या नाटकात त्यानं वर्षानुवर्षं एकच काम केलं: बायकांच्या मानेत दात रुतवून रक्त पिणाऱ्या सरदाराचं. सहा फूट उंची, ढोलासारखा आवाज. त्याला दुसरं काम द्यावं असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. रस्त्यात पोरं त्याला बघून पळायची आणि या शहाण्याला ते आवडायचं.

घरी मात्र त्याला खोटे दात लावायची गरज पडत नसे. दारू पोटात गेली की हात उठे. आधी बायकोवर, सोनाबाईवर, मग मध्ये पडलेल्या पोरीवर, समृद्धीवरही. पोर सहा वर्षांची झाली त्या शिमग्याला सोनाबाईनं तिला हाताला धरलं आणि जासईला, माहेरी निघून गेली. फार आधीच जायला हवं होतं.

त्यानंतर दयारामचे डोळे उघडले. उशिरा उघडले, पण उघडले. तीन वर्षं तो दारूला शिवला नाही. सोबतचे गुत्त्याकडे वळले की हा मुकाट घराची वाट धरी. जासईला निरोप धाडून धाडून थकला, तेव्हा कुठे त्र्याण्णवच्या जत्रेआधी सोनाबाईचा उलटा निरोप आला. पोरीला घेऊन नाटकाला येते. ती घरी यायला तयार झाली तर राहू, नाहीतर परत जाऊ.

दयाराम हरखला आणि लगेच घाबरला. समृद्धीनं त्याला नाटकात पाहिलं होतं ते लाल रंगानं तोंड माखलेलं. पुन्हा तेच बघितल्यावर ती घरी कशाला येईल? तो नाटक लिहिणाऱ्या भरत मास्तरांकडे गेला. यंदा पिशाचाला सुधरू द्या, शेवटी त्यानं बाईला सोडून द्यावं, अशी गळ घातली. मास्तर पोट धरून हसले. "अरे, सुधारलं तर ते पिशाच कसलं? लोक मला गावात राहू देणार नाहीत."

दयारामनं मान डोलावली आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं.

ऐन वेळी जनरेटर बिघडला, म्हणून त्या वर्षी नाटक दुसऱ्या दिवशी भर दुपारी उभं राहिलं. पिशाचाच्या तोंडावरची पांढरी पावडर घामानं ओघळत होती. शेवटच्या प्रवेशात मुंबईहून आणलेली नटी मान कलती करून उभी राहिली. दयारामनं तिच्या खांद्यावर हात ठेवले आणि तो थांबला. विंगेतून मास्तर वाक्य पुरवू लागले, पण हा ऐकेना.

"जा बाय," तो म्हणाला. "मी लय घरां बुडवली. आता नाय."

त्यानं तोंडातले दात काढून खाली ठेवले. नटीला काही सुचेना; ठरल्याप्रमाणे ती बेशुद्ध पडली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, चाव, चाव म्हणून गोंधळ घातला. दयाराम मान खाली घालून उभा राहिला. बायकांत बसलेली सोनाबाई तेवढी पदर तोंडाशी धरून रडत होती.

पडदा पडल्यावर ती पोरीला घेऊन मंडपामागे आली. समृद्धी आता नऊ वर्षांची, दोन वेण्या घातलेली. ती आपणहून पुढे झाली. "बाबा, तुमी तिला सोडलंत," ती म्हणाली. "मना आवडलं."

एवढा आनंद दयारामला आयुष्यात झाला नव्हता. पोरीच्या केसांवरून फिरवावा म्हणून त्यानं हात उचलला.

समृद्धी जागच्या जागी खाली बसली. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात डोक्यावर. रडली नाही, ओरडली नाही. हे तिला चांगलं येत होतं.

दयारामचा हात तसाच वर राहिला. काही लागलं नाही असं पाहून पोर उठली, फ्रॉक झटकला आणि ओशाळून म्हणाली, "चुकून झालं, बाबा. मुद्दाम नाय केलं. मी येतंय ना घरी."

मार तिनं खाल्लेला आणि माफीही तीच मागत होती. आपण बदललो याची दयारामला खात्री होती, आणि ती खोटीही नव्हती. पण आपण करून ठेवलेलं पोरीच्या अंगात जसंच्या तसं होतं. उद्या त्यानं फळीवरचा डबा काढायला हात उचलला तरी ती अशीच खाली बसणार होती, आणि वर माफी मागणार होती.

तो सोनाबाईकडे वळला. "हिला घेऊन जासईला जा," म्हणाला. "ती येते म्हनते, पन मी नाय नेनार. मीच येत जाईन तिकडं. लांब बसंन."

सोनाबाईनं पोरीची पिशवी उचलली. दोघी जासईवरून जाणाऱ्या उरणच्या एसटीत बसल्या. गावानं पाहिलं ते एवढंच, की दारात आलेली बायको-पोर यानं परत लावून दिली. पिशाच ते पिशाचच, लोक म्हणाले. दयारामनं कोणाला खुलासा केला नाही. लोकांचं फार चुकलंय असं त्याला वाटत नव्हतं.