तासलेल्या चेहऱ्यांचे संत

आमच्या ओळखीतले इतिहासाचे प्राध्यापक वर्षभर इंग्लंडला राहून आले आणि तिथल्या एका खेड्यातल्या जुन्या चर्चचे मालक असल्यासारखे वागू लागले. पंजाबात तेव्हा दहशतवाद पेटला होता, चंदीगडमध्ये अंधार पडायच्या आत माणसं घर गाठत. म्हणून रविवारी दुपारी आम्ही चार मराठी घरं त्यांच्याकडे जमायचो. मी प्रयोगशाळेत उपकरणांवर काम करायचे, त्यामुळे स्लाइड प्रोजेक्टर चालवणं माझ्या गळ्यात पडलं होतं.

लोकरीच्या व्यापारात पैसा आल्यावर गावकऱ्यांनी चर्च कसं वाढवलं, छताला लाकडी देवदूत कसे बसवले, हे ते अशा थाटात सांगत, जणू कोरणारी पटाशी त्यांच्याच हातात होती. एका बाकावर बदकांना प्रवचन देणारा कोल्हा कोरलेला होता. त्याला ते पोट धरून हसत. तो कुणासारखा दिसतो, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळत होतं.

एकदा त्यांचे शेजारी, रसायनशास्त्र शिकवणारे सरदारजी, पत्नीसह आले. पडद्यावर कोरलेल्या संतांची रांग आली. प्रत्येकाचा चेहरा तासून काढलेला.

"ये किसने किया?" सरदारजींनी विचारलं.

"राजा ने मज़हब बदला, ऊपर से हुक्म आया," प्राध्यापक म्हणाले. "पर हाथ गाँववालों के ही थे. जिनके दादा-परदादा ने बनवाए, उन्हीं के."

त्यांचा आवाज भरून आला, रुमाल निघाला. त्याच आठवड्यात हायवेवर अतिरेक्यांनी बसमधून उतरवून माणसं मारली होती. त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. रुमाल पाचशे वर्षांपूर्वीच्या लाकडासाठी.

पुढच्या महिन्यात सरदारजी आपल्या गावाहून परतताना नाक्यावर पोलिसांनी त्यांना संशयावरून उतरवून ठाण्यात नेलं. पत्नी धावत प्राध्यापकांकडे गेली. एवढंच म्हणाली, चला आणि सांगा की आम्ही यांना ओळखतो.

"भाभीजी, मैं तो बाहर का आदमी हूँ," प्राध्यापक म्हणाले. "मेरी कौन सुनेगा?" आणि चहा विचारला.

ती तशीच आमच्या दारात आली. माझे यजमान डॉक्टर. अंगात ताप होता, तरी स्कूटर काढली. मी तिला घेऊन रिक्षाने मागोमाग गेले. ठाणेदाराने यजमानांना विचारलं, "आप ज़िम्मेदारी लेते हो?"

"लेता हूँ."

दिवस मावळायच्या सुमारास सरदारजींना सोडलं. पगडी नीट बांधायला त्यांनी आरसा मागितला. बाहेर आल्यावर त्यांची पत्नी माझा हात धरून बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतर मी प्रोजेक्टर चालवायला गेले नाही. कारण विचारायला प्राध्यापक स्वतः आले. मी सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही फार भावनाप्रधान आहात, बाई. इतिहासाकडे अंतर राखून बघावं लागतं."

मी दार लावून घेतलं. निवृत्तीनंतर ते पुण्याला गेले. त्या चर्चवरच्या व्याख्यानांबद्दल तिथे त्यांचा सत्कार झाल्याचं कळलं. सरदारजींचं कुटुंब मात्र आजही दिवाळीला आमच्याकडे जेवायला येतं.